शरयूवहिनींचा शुक्रवारचा रशियन सिनेमा

श्रीमती शरयू केतकर यांची आणि माझी ओळख एका निखळलेल्या बिजागरीमुळे झाली. कुवेतमध्ये फिंतासला चौथ्या मजल्यावर त्यांचं घर, आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाचं एक दार लोंबत होतं. मी तेव्हा इमारतींची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत सुतार होतो. युद्ध संपून तीन-चार वर्षं झाली होती, कुवेतभर दुरुस्तीची कामं निघाली होती आणि गुहागर तालुक्यातून आलेल्या आमच्यासारख्या सुतार-गवंड्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. कंपनीच्या ड्रायव्हरने मला खाली सोडलं आणि बजावलं, "बीस मिनट." बिजागरी खरंच वीस मिनिटांत बसली. पण खाली यायला मला दीड तास लागला, आणि त्या दिवशी ड्रायव्हरने मला जे ऐकवलं ते गौरवग्रंथात छापण्याजोगं नाही.

झालं असं, की हत्यारं पिशवीत भरून मी हॉलमधून निघालो तेव्हा टीव्हीवर एक परदेशी चित्रपट चालू होता. काळा-पांढरा. एक बाई आणि एक पुरुष स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसले होते. बाई ताट समोर ठेवून हाताची घडी घालून बसली होती. परक्या घरात असं थांबू नये हे मला कळत होतं, पण तोंडातून निघून गेलं, "ही त्याला वाढत का नाही?"

दुसरी एखादी मालकीण म्हणाली असती, झालं ना काम? निघा. वहिनींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "आज तिचा वाढदिवस आहे. तो विसरलाय. आणि त्याला वाटतंय, ती डोकं दुखतंय म्हणून गप्प आहे." मग त्या पुढचं सांगत गेल्या आणि मी पिशवी खांद्याला लावून उभाच राहिलो. शेवट झाल्यावर त्यांनी विचारलं, "नाव काय तुमचं?" मी म्हटलं, "शांताराम." म्हणाल्या, "शांताराम, पुढच्या शुक्रवारी या. बसून बघा. उभं राहून रशियन सिनेमा बघितला तर पाय दुखतात, तो संपता संपत नाही."

या ग्रंथाच्या समितीने मला 'शरयूताईंचे कलाक्षेत्रातील योगदान' असा विषय कळवला आहे. विषय मोठा आहे आणि मी दहावी पास सुतार आहे. त्यांच्या शिक्षणाबद्दल, शाळेतल्या गणिताच्या तासांबद्दल, इथल्या मराठी मंडळाच्या कामाबद्दल इतर विद्वान मंडळी लिहितीलच. मी फक्त शुक्रवारांबद्दल लिहिणार आहे, कारण माझा संसार त्या शुक्रवारांनी वाचवला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्यांच्या साठीच्या निमित्ताने तरी सांगायला हवं.

वहिनी मूळच्या सांगलीच्या. ऐन विशीत शिष्यवृत्ती मिळवून त्या सोव्हिएत देशात स्थापत्य अभियांत्रिकी शिकायला गेल्या आणि सहा वर्षं तिकडे राहिल्या. सांगलीतल्या मुलीने त्या काळात एकटीने बर्फात जाऊन पुलांची गणितं शिकावीत, ही गोष्टच केवढी! पुढे लग्न झालं, केतकर साहेबांबरोबर त्या कुवेतला आल्या. पूल काही बांधायला मिळाले नाहीत, मुलांना गणित शिकवलं. त्याबद्दल त्यांच्या तोंडून कधी हळहळ ऐकली नाही. एकदाच म्हणाल्या होत्या, "पूल म्हणजे दोन टोकं जोडणं. लोखंडच लागतं असं नाही." लगेच स्वतःच हसल्या आणि म्हणाल्या, "हे वाक्य भाषणातलं झालं, विसरून जा." मी विसरलो नाही.

त्यांच्याकडे कॅसेट यायच्या त्या रुमैथियातून. तिथे नीनाबाई नावाच्या एक रशियन बाई राहत. त्यांचे यजमान अरब डॉक्टर, रशियातच शिकलेले. नीनाबाई गुरुवारी कॅसेट द्यायच्या आणि वहिनी त्यांना शेंगदाण्याची चटणी द्यायच्या. कॅसेट तिकडच्या पद्धतीच्या, केतकरांचं यंत्र जुनं आणि इकडच्या पद्धतीचं. त्यामुळे चित्र यायचं, आवाज यायचा, रंग मात्र यायचे नाहीत. आम्ही बरेच दिवस समजत होतो की रशियात सगळं काळं-पांढरंच असतं, बर्फामुळे असेल. वहिनींनी खुलासा केला तेव्हा आमच्या खोलीतला बाळ्या प्लंबर म्हणाला, "मग वहिनी, रंग तुम्हीच सांगा." तेव्हापासून संवादाबरोबर रंगही सांगायचे, असा नियम झाला. "हिचा कोट हिरवा आहे," वहिनी म्हणायच्या, "बाटलीसारखा हिरवा." आम्ही तो हिरवाच पाहायचो.

बाळ्या कसा आला ते राहिलं. रिग्गईला आमच्या खोलीत आम्ही आठ जण होतो, सगळे कोकणातले, सगळे कंत्राटावरचे. कागदावर लग्न झालेले असलो तरी कुटुंब सोबत नाही म्हणून कुवेतच्या भाषेत 'बॅचलर'. दोन शुक्रवार मी एकटा गेलो. तिसऱ्या शुक्रवारी वहिनी म्हणाल्या, "एकट्याने बघता? बाकीचे काय पाप करून आलेत?" मग बाळ्या आला, आणखी दोघे-तिघे आले, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे दाऊदभाई आले. त्यांचं खोलीखालीच किराणा मालाचं दुकान, म्हणजे इकडच्या भाषेत बकाला. दाऊदभाईंची नमाज झाल्याशिवाय सिनेमा सुरू करायचा नाही, हा दुसरा नियम.

कुटुंबांच्या इमारतीत बॅचलर लोक दर शुक्रवारी येतात म्हटल्यावर कुजबुज होणारच. इमारतीच्या राखणदाराने, हारिसने, एक दिवस आम्हाला जिन्यातच अडवलं. तो इजिप्तचा, धिप्पाड, त्याच्यापुढे आमची बोलती बंद. वहिनी चार मजले उतरून खाली आल्या. आम्हाला वाटलं, आता भांडण. त्या आपल्या तोडक्यामोडक्या अरबीत त्याला म्हणाल्या, की हे माझे पाहुणे आहेत, आणि तुला शंका असेल तर तूही वर ये, दारात खुर्ची टाकून बस आणि लक्ष ठेव. तो आला. दारात बसला. त्या दिवशीच्या चित्रपटात एका म्हाताऱ्या आईची चार मुलं तिला भेटायला यायची टाळत होती. मध्यंतरात पाहिलं तर हारिस डोळे पुसत होता. नंतर तो दर शुक्रवारी खुर्ची घेऊन स्वतःच वर यायचा आणि वहिनी त्याच्यासाठी अधूनमधून दोन वाक्यं अरबीतही टाकायच्या. मंडळातल्या काही सन्माननीय सभासदांची कुजबुज मात्र आणखी वर्षभर चालली. नावं घेत नाही, त्यांचेही लेख या ग्रंथात असतील.

आम्हाला ते चित्रपट का आवडायचे, हे मला अनेकांनी विचारलं आहे. मारामारी नाही, गाणी नाहीत, बर्फात चालणारी माणसं आणि चहा. पण एका चित्रपटात पाच कुटुंबं एका स्वयंपाकघरात राहत होती. प्रत्येकाचं कपाट वेगळं, कपाटाला कुलूप, आणि किटली कुणाची यावरून महाभारत. बाळ्या ओरडला, "आरं, ह्यो तर आपलाच किचन हाय!" आमच्या फ्रीजच्या कप्प्यांवर तेव्हा आठ जणांची नावं चिकटवलेली होती. आणखी एका चित्रपटात माणसं जास्त कमाईसाठी दूर उत्तरेला थंडीत कामाला जायची आणि घरी परतली की आपल्याच घरात पाहुण्यासारखी बसायची. वहिनींनी बिटाचं सूप केलं होतं. ते त्या तिकडेच शिकल्या होत्या आणि दर शुक्रवारी मोठं पातेलंभर करायच्या. आम्ही मुकाट्याने सूप प्यालो, बाळ्याने त्यात नेहमीप्रमाणे तिखट टाकलं, आणि रिग्गईला परतलो.

आता त्यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल. वहिनी सगळ्यांचे संवाद एकट्या बोलायच्या. नवरा, बायको, सासू, शेजारी, सगळे एका आवाजात, आणि तो आवाज सपाट. रडणं नाही, ओरडणं नाही. तिकडे परदेशी चित्रपट असेच दाखवत, एकच माणूस सगळ्यांचं वाचायचा, असं त्या सांगायच्या. मी विचारलं, "वहिनी, थोडं रंगवून बोललात तर?" म्हणाल्या, "रडायचं काम पडद्यावरच्यांचं. आपण मध्ये उभं राहायचं नाही. जे म्हटलंय ते सांगायचं, एक शब्द इकडचा तिकडे नाही."

एका धुळीच्या मोसमात त्यांचा घसा बसला. डॉक्टरांनी बोलणं बंद करायला सांगितलं. शुक्रवार तोंडावर आलेला. त्यांनी एक दोनशे पानी वही माझ्या हातात ठेवली. आठवडाभर कॅसेट थांबवत थांबवत त्यांनी पुरुषांचे सगळे संवाद मराठीत लिहून काढले होते. म्हणाल्या, "पुरुषांचं तुम्ही वाचा. बायकांचं मी कसंबसं निभावते." मी म्हटलं, "वहिनी, मला सवय आहे रंध्याची, वाचनाची नाही." त्यावर त्यांचं उत्तर मला तोंडपाठ आहे, "रंधा मारताना लाकडावर रागावता का? नाही ना? तसंच वाचा." घसा पुढे बरा झाला, पण पुरुषांचं काम माझ्याकडेच राहिलं. दर आठवड्याला वहीची नवी पानं, आणि शुक्रवारी टीव्हीच्या दोन बाजूंना आम्ही दोघं, त्या स्टुलावर आणि मी माझ्या हत्यारांच्या पेटीवर.

इथे मला माझ्या घरचं सांगायला हवं. माझं लग्न कुवेतला येण्याआधी वर्षभर झालेलं. सुलभा माझ्या आईकडे राहायची. पहिल्या रजेनंतर गौरी झाली. मी घरी पत्र लिहायचो ते चार ओळींचं. मी खुशाल आहे, काम ठीक चालू आहे, आईची काळजी घे, गौरीला पापा. एकदा वहिनींच्या टेबलाशी बसून दोन मिनिटांत लिहून पाकीट चिकटवलं, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "तार करताय का, शांताराम?" मी हसलो होतो.

मग मोठ्या भावाचं पत्र आलं, की सुलभा आईशी भांडून पोरीला घेऊन माहेरी निघून गेली आहे. पुढे लिहिलं होतं, आता तिला येऊ दे नाहीतर तोडून टाक, गावात तोंड दाखवायला जागा नाही. माझं डोकं फिरलं. मी सुलभाला पत्र लिहायचं बंद केलं. आठ महिने. तिनेही लिहिलं नाही. मी कुणाला काही सांगितलं नाही, पण आठ जणांच्या खोलीत गुपित किती दिवस राहणार? दाऊदभाईंनी ते वहिनींच्या कानावर घातलं होतं, हे मला फार पुढे कळलं.

आणि तो शुक्रवार आला. चित्रपटातला नवरा पाच वर्षं उत्तरेत राहून परत आलेला. सुटकेस दारात ठेवून स्वयंपाकघरात टेबलाशी बसतो. बायको हिरवा कोट अंगात तसाच ठेवून भिंतीला टेकून उभी. मग तो तोंड उघडतो. मी वहीत पाहिलं. वहिनींच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं, "मी तुला कळवत राहिलो. विचारलं कधीच नाही."

ते वाक्य माझ्याने वाचवेना. मला राग आला. या माणसाने का झुकावं? घर सोडून गेली ती, आणि मान खाली घालायची याने? मी वही मिटली आणि त्याच सपाट आवाजात बोललो, "तुला माझ्या आईशी जुळवून घेता आलं नाही?"

चित्रपटात त्या माणसाला आई नव्हतीच. वहिनींनी माझ्याकडे मान वळवली नाही. तशाच सपाट आवाजात बायकोचं म्हणून बोलल्या, "जुळवून द्यायला तुम्ही होतात कुठे?"

"मी तिकडे मजा मारत होतो का?"

"ते मला कसं कळणार? पत्रात चार ओळी असतात."

पडद्यावर ती बाई पुढे झाली होती आणि चूल पेटवत होती. मला तिचं काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, "मी निदान चार तरी लिहिल्या. तू आठ महिन्यांत एकही नाही."

"तुम्ही त्या चारही बंद केल्यात. मी कोणाच्या भरवशावर लिहू?"

"तू घर सोडलंस, गावात माझी मान खाली गेली."

पडद्यावर बाईने पातेलं चुलीवर ठेवलं होतं. मग वहिनी म्हणाल्या, आणि एवढं बोलताना त्यांचा आवाज तिळभरही हलला नाही, "तुम्हाला मी परत यायला हवी आहे, की तुमचं म्हणणं खरं ठरायला हवं आहे?"

पुढचा प्रसंग सुरू झाला, मी वही उघडली आणि शेवटपर्यंत लिहिलेलं वाचलं. खोलीतल्या कुणाला काही कळलं नाही. सूप पिताना बाळ्या म्हणाला, आजचा पिक्चर लई भारी. फक्त दाऊदभाई माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "शांताराम, तो बाबा तर तोंड मिटून बसलेला रे. मग बोलत कोण होता?"

वहिनी रागावल्या नाहीत. कामात कुचराई झाली तर त्या केतकर साहेबांनाही सोडत नाहीत, हे आपण सगळे जाणतो, म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. त्यांनी पेटीवर ठेवलेली वही उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ही घरी न्या. जे वाक्य वाचलं नाहीत, ते एकदा स्वतःशी वाचा." बस्स.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, बांधकामावरच्या प्लायवूडच्या थप्पीवर बसून, मी सुलभाला पत्र लिहिलं. त्यात खुशाली नव्हती, नुसते प्रश्न होते. तुझी पाठ दुखायची ती थांबली का? गौरी काय काय बोलते? आई तुला नेमकं काय म्हणाली? असे अकरा प्रश्न. शेवटचा, परत येशील का? तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दहा प्रश्नांची दहा उत्तरं, एकेक पानभर. ती वाचताना माझ्या आईबद्दल आणि भावाबद्दल मला जे कळलं ते इथे लिहीत नाही, पण मी आठ महिने कुणावर रागावलो होतो आणि कुणावर रागवायला हवं होतं, ते समजलं. अकराव्या प्रश्नापुढे सुलभाने लिहिलं होतं, "हे इथे येऊन तोंडाने विचारा."

रजेला सात महिने अवकाश होता आणि त्या काळातल्या रीतीप्रमाणे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. मॅनेजर ऐकेना. वहिनींना कळलं तेव्हा त्या शाळा सुटल्यावर कंपनीच्या ऑफिसात गेल्या, मॅनेजरला नमस्कार केला आणि समोरच्या खुर्चीत विणकाम काढून बसल्या. भांडल्या नाहीत, आवाज चढवला नाही. ऑफिस बंद होईपर्यंत विणत बसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मॅनेजरने महिन्याची रजा मंजूर केली आणि मला म्हणाला, "मॅडम को बोलो, घर जाए." तेवढ्यात एक लोकरीचं टोपडं विणून झालं होतं. गौरीसाठी! मी ते घेऊन गेलो.

सुलभाच्या माहेरच्या पडवीत, तिच्या वडिलांच्या देखत, मी अकरावा प्रश्न तोंडाने विचारला. ती म्हणाली, "येईन. पण तुमच्या घरात नाही, तुमच्याबरोबर." मी गुहागरात दोन खोल्यांचं वेगळं बिऱ्हाड केलं. पुढे फोरमन झालो, पगार वाढला, फॅमिली व्हिसा मिळाला, आणि गौरी पाच वर्षांची असताना त्या दोघी कुवेतला आल्या. सुलभाला मी वहिनींकडे नेलं तेव्हा वहिनींनी तिची पाठ दुखते का, एवढंच विचारलं. वहीचं आम्ही दोघांनीही तिला कधी सांगितलं नाही.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. नीनाबाईंच्या मुलाने वहिनींना जुन्या चित्रपटांच्या डीव्हीडी आणून दिल्या. खाली इंग्रजीत संवाद येतात अशा. वहिनींनी सगळ्यांना बोलावलं. बाळ्या आता दोन नातवंडांचा आजोबा, तो सुट्टीहून नुकताच परतला होता. दाऊदभाई गुडघे धरत चार मजले चढून आले, कारण लिफ्ट नेमकी बंद. वहिनी म्हणाल्या, आज उत्तरेहून परतलेल्या माणसाचा चित्रपट लावू आणि पूर्वीसारखा वाचू. माझी पेटी राहिली नव्हती, मी खुर्चीवर बसलो. वही मी जपून ठेवली होती, ती घेऊन गेलो.

चित्रपट रंगीत दिसायला लागला आणि पहिला धक्का बसला. बायकोचा कोट हिरवा नव्हता, चांगला विटकरी होता. बाळ्या उठून उभाच राहिला, "वहिनी! धा वर्सं आमी हिरवा बघतोय!" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मला आठवत नव्हतं. तुम्ही विचारत होता, काहीतरी सांगायला हवं होतं." सगळे हसले.

मग तो प्रसंग आला. सुटकेस दारात, माणूस टेबलाशी, बाई भिंतीला टेकून. मी वही उघडली, आणि त्या वेळी जे वाचलं नव्हतं ते या वेळी वाचलं. सुलभा समोर बसली होती. "मी तुला कळवत राहिलो. विचारलं कधीच नाही." आवाज सपाट ठेवला, वहिनींची शपथ. सुलभाने मान खाली घातली.

आणि आमची कन्या, वय वर्षं अकरा, म्हणाली, "बट बाबा, ही डिडन्ट से दॅट."

मी म्हटलं, "मग काय म्हणाला?"

"ही सेड, इज देअर एनी सूप लेफ्ट?"

मी वहीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर ती बाई पुढे झाली, तिने चूल पेटवली आणि पातेलं ठेवलं. मग वहिनींकडे पाहिलं. 'एक शब्द इकडचा तिकडे नाही' असं आम्हाला बजावणाऱ्या, गणिताच्या पेपरात अर्धा गुण सोडायला तयार नसलेल्या शरयूवहिनी खिडकीबाहेर बघत होत्या.

चित्रपट संपल्यावर मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "वहिनी, ते वाक्य चित्रपटात नव्हतं. तुम्ही माझ्यासाठी लिहिलंत."

"नव्हतं कसं?" त्या म्हणाल्या. "तो माणूस पाच वर्षं बर्फात राहून आलाय. त्याला दुसरं काही बोलताच येत नाही. तो तेवढंच विचारतो, आणि तिला सगळं कळतं. मी अर्थ लिहिला. तुम्हाला तेव्हा 'सूप उरलंय का' असं वाचायला दिलं असतं, तर तुम्हाला कळलं असतं?"

"नसतं," मी म्हटलं.

"मग झालं तर."

सुलभा ओट्याशी भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला आणि विचारलं, "कसलं वाक्य? तेव्हा म्हणजे केव्हा?" वहिनी पदराला हात पुसत बाहेर निघून गेल्या. मग मी सुलभाला सगळं सांगितलं. भावाचं पत्र, मिटलेली वही, तिच्याविरुद्ध मी काय काय बोललो आणि तिच्या वतीने वहिनी काय काय बोलल्या, सगळं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "वहिनींनी शेवटी जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर दिलंत का तुम्ही?"

मी हवी आहे, की तुमचं म्हणणं खरं ठरायला हवं? दहा वर्षांत दिलं नव्हतं. पाण्याचे थेंब टपटपत होते, नळाचा वॉशर गेला होता. मग मी म्हटलं, "सूप उरलंय का?"

सुलभा म्हणाली, "आहे. बसा, गरम करते."

वहिनी, केतकर साहेबांच्या निवृत्तीनंतर, पुढच्या महिन्यात तुम्ही सांगलीला निघालात. साठी ही काही वय म्हणायची गोष्ट नाही, तुमच्या चित्रपटांतल्या बायका साठीनंतरच खरं बोलायला लागतात. तुमचा घसा धुळीपासून आणि तुमचे डोळे मोतीबिंदूपासून सुरक्षित राहोत. तुम्हाला अजून चाळीस वर्षं मिळोत, आणि ती चाळीसही सांगलीच्या घरात माणसांनी भरलेल्या शुक्रवारांची असोत. फिंतासच्या कपाटाची बिजागरी मी परवाच तपासून आलो, घट्ट आहे. सांगलीला आम्ही तिघं येऊ तेव्हा तुमचे आभार कसे मानायचे, ते मला सुचणार नाही. दारात बॅग ठेवून मी एकच गोष्ट विचारीन. तुम्हाला अर्थ कळेल. पातेल्यात थोडं राखून ठेवा.